मुलाला करायला काय उरतं?

मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवायचं ठरवलेले आईबाप भेटले की बोलणं हमखास एका प्रश्नावर येतं. साहित्य कोणतं घेतलंत? त्या प्रश्नामागची धाकधूक माझ्या चांगल्या ओळखीची आहे. शाळेत फळा असतो, मैदान असतं, प्रयोगशाळा असते; ते सगळं आपण सोडलं, तर निदान घरात तरी काहीतरी भरभक्कम हवं, असं मन म्हणत राहतं. दुकानातली खोकी ही धाकधूक बरोब्बर हेरतात. वर 'बुद्धीला चालना' लिहिलेलं असतं, वयोगटाचा शिक्का असतो, हसरं मूल असतं, आणि आपला हात पाकिटाकडे जातो.

मी त्या आईबापांना सांगते, खोकं हातात घ्या, उलटंपालटं करून बघा, आणि एवढंच विचारा की हे घरी नेलं तर मुलाला करायला काय उरतं? बटण दाबलं की दिवा लागतो, गाणं वाजतं, गाय हंबरते, म्हणजे सगळं काम त्या खेळण्यानंच उरकून टाकलं. मुलाच्या वाट्याला फक्त बटण. दोन दिवस ते दाबेल, तिसऱ्या दिवशी खेळणं पलंगाखाली. उलट बादलीभर पाणी, एक तांब्या, एक गाळणं आणि जुना पेला एवढ्यावर चार वर्षांचं मूल जेवणाची हाक ऐकू येऊ नये इतकं रमतं. कारण पाणी स्वतःहून काहीच करत नाही. ओतायचं, सांडायचं, गाळण्यात ते का थांबत नाही हे परत परत बघायचं, हे सगळं मुलाकडे. मजेदार साधन म्हणजे रंगीत आणि आवाज करणारं, हा समज डोक्यातून काढला की निवड फार सोपी होते.

मुंबईत ती आणखी सोपी होते, कारण जागा नाही. आमचं घर मुलुंडला, वन बीएचके. घरात सासूबाई, आम्ही दोघं, सात वर्षांची थोरली आणि चार वर्षांचा धाकटा. इथे कुठल्याही साधनाची किंमत दोनदा मोजावी लागते, एकदा रुपयांत आणि एकदा चौरस फुटांत. हॉलमधल्या कपाटाचे खालचे दोन कप्पे मुलांचे. त्यात मावेल तेवढंच. नवीन काही आलं तर जुनं एक कुणालातरी द्यायचं, आणि काय द्यायचं ते मुलांनी ठरवायचं. परदेशातल्या घरांतल्या त्या स्वतंत्र अभ्यासखोल्या, भिंतभर फळ्या आणि टोपल्या बघून ज्यांना आपलं घर अपुरं वाटतं, त्यांना मला मनापासून सांगायचं आहे की दोन कप्पे पुरतात. भरगच्च कपाटापुढे मूल गोंधळतं. आपल्याकडे काय काय आहे हे ज्याला पाठ असतं, ते मूल त्या वस्तूंची आपसांत जोडाजोड करायला लागतं.

त्या कप्प्यांत सगळ्यात जुने आहेत लाकडी ठोकळे. ओळखीच्या सुताराकडून कापून घेतले आणि पॉलिशपेपरने घरी घासले. रंग नाही, चित्र नाही, अक्षर नाही. फक्त मापं नीट हवीत एवढा हट्ट धरला होता: एक पूर्ण, त्याच्या निम्मा, त्याच्या दुप्पट. धाकटा त्यांच्या लोकल करतो. बारा डब्यांची करताना पूर्ण ठोकळे संपले की दोन अर्धे जोडून डबा करतो. अपूर्णांक हा शब्द त्याच्या कानावर अजून पडलेलाही नाही.

आता कवड्यांबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण गेल्या काही महिन्यांत आमच्या घरात गणित शिकवलं ते मुख्यतः त्यांनी.

सासूबाई रत्नागिरीकडच्या. त्यांच्याकडे एका चंचीत जपून ठेवलेल्या चार कवड्या आहेत. पावसाळ्यात एका दुपारी त्यांनी खडूने फरशीवर पाच बाय पाच घरांचा पट आखला, चारही बाजूंच्या मधल्या घरांत आणि मधोमध फुल्या मारल्या, आणि अष्टाचंग मांडला. चार कवड्या टाकायच्या. जितक्या उताण्या पडतील तितकं दान. चारही उताण्या पडल्या तर चार, आणि एकही उताणी नसेल तर आठ. चार किंवा आठ पडले की पुन्हा टाकायला मिळतं. सोंगट्या बाहेरच्या रांगेतून फिरतात आणि समोरच्याची सोंगटी मारल्याशिवाय आतल्या रांगेत जाता येत नाही. सोंगट्या म्हणून कुणी बटणं घेतं, कुणी मुगाच्या शेंगेचे तुकडे, कुणी बांगडीचे.

चार वर्षांच्या मुलासाठी या खेळात किती काय भरलं आहे ते बघा. चार वस्तूंकडे एका नजरेत बघून किती उताण्या ते सांगायचं. तेवढी घरं मोजत बोट सरकवायचं, आणि आपण उभे आहोत ते घर मोजायचं नाही. या शेवटच्या गोष्टीवर धाकटा बरेच दिवस अडत होता. सासूबाईंनी त्याला एकदाही चुकलं म्हटलं नाही. "उडी मार आणि मग मोज," एवढंच म्हणायच्या. मग पाळी येईपर्यंत थांबायचं, आपली सोंगटी मेली तर रडू आवरायचं, आणि दुसऱ्याची मारायची की आपली पुढे न्यायची हे ठरवायचं.

थोरलीचं डोकं मात्र वेगळीकडेच गेलं. एके दिवशी तिने विचारलं, "आजी, तुला सारखे दोनच कसे गं पडतात?" सासूबाई म्हणाल्या, "मला एकटीला कुठे? तू मोजून बघ की." मग वही आली. प्रत्येक दानाची रेघ, चार उभ्या आणि पाचवी त्यांच्यावरून आडवी. वहीत दोनची रांग सगळ्यांत लांब झाली, आणि चार आणि आठच्या रांगा अगदी बारक्या. कवडीचा आकार दोन्ही बाजूंनी सारखा नसतो, म्हणून नंतर आम्ही चिंचोके फोडून घेतले, एक बाजू काळी, एक पांढरी. पूर्वी कवड्या नसतील तेव्हा चिंचोक्यांवरच खेळत. चार चिंचोके ओळीने मांडून ते किती तऱ्हांनी पडू शकतील ते लिहीत गेलो. एकूण 16 तऱ्हा निघाल्या. सगळे पांढरे पडण्याची एकच, सगळे काळे पडण्याचीही एकच, आणि दोन पांढरे दोन काळे पडण्याच्या मात्र सहा. थोरली त्या कागदाकडे बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "म्हणून चार पडले की पुन्हा टाकायला देतात. ते कमी वेळा पडतं ना!" खेळाचे नियम कुणीतरी विचार करून केलेले असतात, हे तिला त्या क्षणी लख्ख दिसलं होतं. दुसऱ्याच दिवशी तिने पाच चिंचोक्यांचा स्वतःचा खेळ काढला आणि त्याचे नियम आम्हा सगळ्यांना पाळायला लावले.

संभाव्यता शिकवणारं एखादं तयार खोकं मी आणलं असतं तर त्यात ही वही आधीच छापून आली असती. तिला भरायला काय उरलं असतं?

हा विचार काही माझा नाही, आणि नवाही नाही. आपल्याच मातीत तो शंभर वर्षं जुना आहे. गिजुभाई बधेका मूळचे वकील, मुंबईत कायदा शिकलेले. स्वतःचा मुलगा झाल्यावर त्याच्या शिक्षणाच्या काळजीने ते माँटेसरीच्या विचारांकडे वळले आणि 1920 साली भावनगरला बालमंदिर सुरू केलं. ताराबाई मोडक मुंबईत जन्मलेल्या. त्या भावनगरला जाऊन गिजुभाईंच्या कामात सामील झाल्या, पुढे दादरला त्यांनी शिशुविहार उभं केलं. शहरातल्या मुलांसाठी चाललेलं हे काम खेड्यात नेताना त्यांच्यापुढे नेमका साहित्याचाच प्रश्न उभा राहिला. विकतचं माँटेसरी साहित्य गावाला परवडणारं नव्हतं. 1945 मध्ये बोर्डीला त्यांनी बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या, आणि पुढे दोघी कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. तिथे मुलांच्या हातात आलं ते गावातलंच: बिया, शिंपले, पानं, खडे, काड्या. मुलं शाळेत येईनात तर त्यांनी शाळा त्यांच्या अंगणात नेली, आणि गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात. आज देशभर सरकारी कागदावर जो अंगणवाडी शब्द आहे तो याच कामातून आलेला. कोसबाड मुंबईपासून काही फार लांब नाही, डहाणूच्या बाजूला. घरी शिकवणाऱ्या मराठी आईबापांना लांबलांबच्या पद्धतींची नावं तोंडपाठ असतात आणि या दोघींचं काम ठाऊक नसतं, याचं मला फार वाईट वाटतं.

त्याच वाटेवरचं आजच्या काळातलं नाव अरविंद गुप्ता. आयआयटी कानपूरचे अभियंते, पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत बरीच वर्षं मुलांसाठी काम केलेले, 2018 साली पद्मश्री. टाकाऊ वस्तूंपासून केलेली त्यांची खेळणी आणि पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर फुकट आहेत, मराठीतही आहेत. आमच्याकडे त्यातलं काडेपेटीतल्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचं काम सगळ्यांत जास्त चाललं. ट्यूबचे छोटे तुकडे कापायचे, त्यात दोन्हीकडून काड्या खोचायच्या, की झाला सांधा. काड्यांचं गुल मात्र आधी खरवडून काढायचं, आणि ते मोठ्या माणसानेच. तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तर हलत नाही. चार काड्यांचा चौकोन बोट लावलं की एका बाजूला कलतो. त्यात एक तिरकी काडी घातली की तोही घट्ट. एवढं झाल्यावर मुलुंड स्टेशनच्या पुलावर थोरली मधेच थांबली. वर छपराच्या लोखंडी कैच्या दिसत होत्या. तिथून ठाण्यापर्यंत तिला सगळीकडे त्रिकोणच दिसत होते.

रेल्वेचा विषय निघालाच आहे तर वाचनाबद्दल सांगते. मुंबईत राहणाऱ्या मराठी मुलाला वाचायला शिकवायला स्टेशनांच्या पाट्यांसारखं साधन नाही. परळ या नावात एकही मात्रा, काना, वेलांटी नाही, तीन अक्षरं जोडली की झालं वाचून. दादर आणि खार यांत फक्त काना. वडाळ्यात दोन काने. शीव आणि माहीम यांत दीर्घ वेलांटी आली. नाहूरला ऊकार. कुर्ल्याला रफार, आणि विद्याविहारपाशी जोडाक्षर. अक्षर मोठं, ठळक, आणि खिडकीतून पाटी दिसण्यात एक थरार असतो, कारण गाडी सुटायच्या आत वाचायचं असतं. आम्ही स्टेशनांची नावं घरी पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवर लिहिली. धाकटा आता ठोकळ्यांच्या लोकलला त्या पट्ट्या लावतो. आकड्यांसाठी बेस्टच्या बस आहेत. बसच्या दर्शनी पाटीवर क्रमांक देवनागरीत असतो, बाजूला इंग्रजीत. बस येताना एक वाचायचा, वळून समोर आली की दुसरा ताडून बघायचा. इंग्रजी आकड्यांत वाढणाऱ्या मुलांना ५ आणि ६ मधला, १ आणि ९ मधला फरक पक्का करायला याहून चांगला सराव मला तरी सापडलेला नाही.

पुस्तकांवर मात्र मी पैसे खर्च करते, आणि त्यात हात आखडता घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. चित्रं चांगल्या चित्रकाराने काढलेली हवीत आणि मराठी घरात बोलतो तसं हवं. अनुवाद असेल तर मोठ्याने एक पान वाचून बघावं, जीभ अडखळली की परत ठेवावं. ज्योत्स्ना प्रकाशनाची चित्रपुस्तकं यात फार वरची आहेत. नॅशनल बुक ट्रस्टची स्वस्त आणि टिकाऊ. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर 2015 पासून गोष्टी मोफत आहेत, मराठीत भरपूर, वाचनाच्या पातळीप्रमाणे लावलेल्या. त्यातल्या आवडत्या गोष्टी आम्ही छापून, दोऱ्याने शिवून ठेवतो. बालभारतीची पाठ्यपुस्तकंही संकेतस्थळावरून फुकट उतरवता येतात. शाळा सोडली म्हणून पाठ्यपुस्तकांशी वैर धरायचं कारण नाही. पहिली-दुसरीच्या भाषेच्या पुस्तकांतल्या कविता आम्ही आवडीने म्हणतो.

बाकी विकत काय घ्यावं? खरी हत्यारं. मुलांच्या मापाची पण खरोखर कापणारी कात्री, मोजपट्टीची टेप, दोन पारड्यांचा तराजू, काचेचं भिंग, आणि भरपूर कागद. खेळण्यातली कात्री जी कागदही कापत नाही ती मुलाचा अपमान करते, असं मला वाटतं. कागद, पुठ्ठा, मणी, लोकर यांसाठी क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रहमान स्ट्रीटला वर्षाकाठी एखादी फेरी पुरते. तयार खेळणं घ्यायचंच असेल तर आयएसआय खूण बघा. 1 जानेवारी 2021 पासून ती देशात सक्तीची आहे. आणि घरात तीन वर्षांखालचं मूल असेल तर सुटे लोहचुंबक आणि बटणाएवढे सेल असलेलं काहीही घरात आणू नका. हे पोटात गेले तर जिवावर बेततं.

आणि मग समुद्र. त्याला कपाटात जागा लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ निघते, हा किनाऱ्यावरच्या लोकांचा जुना आडाखा. चतुर्थी असेल तर तीनच्या सुमारास भरती, अष्टमीला सहाच्या. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. चंद्र रोज पाऊण तासाहून थोडा अधिक उशिरा डोक्यावर येतो, त्याच्या मागोमाग भरतीची वेळही पुढे सरकते. सासूबाईंना पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, पाठ आहे, थोरलीला आता व्हायला लागली आहे, कारण तिला तिचा उपयोग कळला. कालनिर्णयात तिथी बघायची, वेळ काढायची आणि मग भरतीच्या छापील वेळेशी ताडायची. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी सगळ्यांत लांब जातं, आणि मुंबईत ती ओहोटी पहाटे किंवा संध्याकाळी येते. तेव्हा खडक उघडे पडतात. खेकडे, समुद्रफुलं, खडकाला चिकटलेली कालवं दिसतात. 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' हा गट 2017 पासून अशा किनाराफेऱ्या काढतो आहे. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी अशा जाणत्या लोकांबरोबरच जावं, पायात घट्ट बूट घालावेत, आणि काहीही उचलून घरी आणू नये.

शहरातली इतर ठिकाणं सगळ्यांना माहीत आहेत. राणीच्या बागेत आम्ही प्राण्यांपेक्षा झाडांसाठी जातो. वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र, कारण तिथे हात लावून बघता येतं. धारावीजवळचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान, जिथे पूर्वी कचऱ्याचे ढीग होते आणि आता दाट झाडी आहे. एका वेळी एकच ठिकाण आणि त्यातलाही एखादाच कोपरा. सगळं दाखवायच्या नादात मुलांची नुसती पायपीट होते.

पडद्याबद्दल फार लिहीत नाही. दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसात तासाभराहून जास्त पडदा नको आणि कमी असेल तितकं बरं, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितलेलं आहे. माझी कसोटी तिथेही तीच. बहुतेक शैक्षणिक ॲपमध्ये उत्तर बरोबर आलं की फटाके फुटतात आणि मूल फटाक्यांसाठी बोट फिरवायला लागतं.

पुढच्या कागदपत्रांची चिंता असणाऱ्यांसाठी एवढंच. शिक्षणहक्क कायदा 2009 चा, सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी. घरी शिकण्याबद्दल त्यात स्पष्ट काही नाही. दहावीला एनआयओएस म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालय आहे, राज्य मंडळाची परीक्षा बाहेरून द्यायला सतरा नंबरचा फॉर्म आहे. चार वर्षांच्या मुलाचं साहित्य निवडताना ही परीक्षा डोळ्यांसमोर ठेवू नये.

थोरलीला आता सूक्ष्मदर्शक हवा आहे. दुकानात प्लास्टिकचा मिळतो, सोबत तयार रंगीत काचपट्ट्या, काय दिसेल त्याची छापील चित्रंही आत. दुसरा पर्याय फोल्डस्कोप, स्टॅनफर्डच्या मनू प्रकाश यांनी आपल्या विद्यार्थ्याबरोबर केलेला कागदाचा सूक्ष्मदर्शक. चपटा येतो, घड्या घालून आपणच उभा करायचा, आणि वस्तू 140 पट मोठी दिसते. कशाचा नमुना घ्यायचा, तो किती पातळ करायचा, उजेड कुठून आणायचा, हे सगळं वापरणाऱ्याकडे. आम्ही तोच मागवला आहे. तिने यादीही करून ठेवली आहे: कांद्याचा पापुद्रा, डासाचा पंख, गॅलरीतल्या कुंडीखालचं पाणी, दही. दही का, ते मी विचारलेलं नाही.